पाचवीची इंग्रजी पातळी-चाचणी : प्रकल्प नोंदी (देवगड तालुका, जून ते ऑगस्ट २०२५)

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. यंदा पाऊस शाळेची वाट बघत थांबला नाही. २५ मे रोजीच मान्सून देवगडपर्यंत पोचला होता. त्यामुळे पहिल्या दिवशीच व्हरांडाभर ओल्या छत्र्या आणि चिखलाची पावले.

पाचवीत ६४ मुले आली, दोन तुकड्या मिळून. ती आजूबाजूच्या अकरा प्राथमिक शाळांतून आली आहेत : काही तारामुंबरीकडची, काही मिठबाव-कुणकेश्वरच्या बाजूची, काही वरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, वाड्यांतली. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे कागदावर यातले प्रत्येक मूल चार वर्षे इंग्रजी शिकून आले आहे. ही चार वर्षे मात्र सगळ्यांची सारखी नाहीत. जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे इंग्रजीच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. गेल्या वर्षी मी सगळ्यांना जूनपासून पहिला धडा शिकवला आणि दिवाळीत कळले की मागच्या तीन बाकांना अक्षरेच येत नव्हती. पाच महिने ती मुले माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. ते मला अजून विसरता आलेले नाही, म्हणून यंदा शिकवण्याआधी कोणाला किती येते ते चाचणी घेऊन बघायचा हा खटाटोप.

मुख्याध्यापकांनी आधी शंका काढली : शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी चाळणी घेता येत नाही, मग ही चाचणी चालेल का? शंका योग्य होती. २००९ च्या कायद्याचे तेरावे कलम प्रवेशाच्या वेळच्या चाळणीबद्दल आहे. आमचे प्रवेश पूर्ण झालेत, हजेरीपटावर नावे चढलीत, कोणाला नाकारायचे नाही. तरीही एक वाक्य लिहून सहीसह फाइलला लावले : या चाचणीचा उपयोग फक्त इंग्रजीच्या तासिकेत मुलाला कुठून सुरुवात करून द्यायची हे ठरवण्यासाठी होईल.

इंग्रजीची तासिका दोन्ही तुकड्यांना एकाच वेळी ठेवली आहे. शिक्षक तिघे : मी, पाचवीच्या बाई आणि इंग्रजीची आवड असलेले गणिताचे सर.

१८ जून, बुधवार

चाचणीचा आराखडा झाला. वाचन २० गुण, ऐकणे १० गुण, लेखन २० गुण.

वाचनासाठी ‘असर’ सर्वेक्षणाची शिडी घेतली : कॅपिटल अक्षरे, स्मॉल अक्षरे, सोपे शब्द, सोपी वाक्ये. ‘प्रथम’ संस्थेचे लोक २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासतात, त्या पाहणीत इंग्रजीसाठी ही शिडी वापरली गेली आहे. पण ते सर्वेक्षण आहे, त्यातून जिल्ह्याचे चित्र दिसते. आम्हाला एकेका मुलाचे दिसायला हवे, म्हणून प्रत्येक पायरीवर अक्षरे आणि शब्द वाढवले.

ऐकण्याच्या भागात शिक्षक शब्द किंवा वाक्य वाचणार, मूल तीन चित्रांतल्या एकावर खूण करणार. इथे एक गोष्ट आजच लिहून ठेवते, नंतर विसरायला होते. तीन पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी दहापैकी तीन-साडेतीन गुण पडतात. म्हणजे या भागात तीन गुण हे शून्याच्या जवळचे आहेत. गुणपत्रकात मात्र ते ‘थोडे येते’ असे दिसतात.

सूचना मराठीत द्यायच्या. ‘चित्रावर गोल करा’ हे इंग्रजीत समजले नाही म्हणून मुलाचा गुण जाणे बरोबर नाही.

२० जून, शुक्रवार

सहावीच्या दहा मुलांवर चाचणी करून पाहिली. ‘शिप’ आणि ‘शीप’ ही जोडी मी मोठ्या हौसेने घातली होती. दोन कारणांनी ती काढली.

पहिले कारण, मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इकाराने अर्थ बदलल्याचा अनुभव मुलाच्या कानाला जवळजवळ नसतोच. तो फरक शिकवायचा विषय आहे, पहिल्याच आठवड्यात तपासायचा नाही. दुसरे कारण मला मुलांनी दाखवले. आमच्या किनाऱ्यावर मेंढी आहे कुठे? इतक्या पावसात ती तग धरत नाही. दहापैकी सात मुलांनी मेंढीच्या चित्राला ‘बोकड’ म्हटले. जहाजाच्या चित्राला एक जण ‘लाँच’ म्हणाला, एक ‘ट्रॉलर’, आणि एकाने ‘हेका जाळी खंय आसत?’ म्हणून मलाच विचारले. मी इंग्रजीचा कान तपासते आहे असे समजत होते, आणि तपासत होते देशावरचे प्राणिज्ञान.

आता चित्रे छत्री, खेकडा, नारळ, बादली, खिडकी, पोळी अशी आहेत. सगळेच स्थानिक करण्याचा मोह मात्र टाळला. पुस्तकात आगगाडी येणार आहे, आणि गणपतीला चाकरमानी कोकण रेल्वेनेच येतात; ती मुलांना माहीत आहे.

राखीव संच म्हणून ऐकण्याची दुसरी प्रश्नपत्रिकाही तयार ठेवली. शब्द वेगळे, काठिण्य तेवढेच, निदान आमच्या अंदाजाने.

२४ जून, मंगळवार

चाचणीचा दिवस. हजेरी क्रमांकाने सरळ दोन भाग केले : ३२ मुले नव्या इमारतीच्या स्लॅबच्या खोलीत, ३२ मागच्या पत्र्याच्या खोलीत. लेखन आणि ऐकणे आज, तोंडी वाचन उद्यापासून.

लेखन शांतपणे झाले. ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि पाचव्या प्रश्नापासून पावसाची सर आली. मी पत्र्याच्या खोलीत होते. आवाज चढवला, प्रत्येक शब्द तीनदा वाचला, मधल्या रांगेत जाऊन उभी राहिले. मुले मान वर करून माझ्या ओठांकडे बघत होती. तेव्हा मनात आले होते की थांबावे. थांबले नाही. वेळापत्रक पुढे ढकलले तर शुक्रवारपर्यंत वाचन उरकणार नाही, एवढाच विचार केला.

२५ ते २७ जून

तोंडी वाचन. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकेक मूल, पाच मिनिटे. मूल एका शब्दावर तीन सेकंद अडले की आपण पुढच्या शब्दावर बोट ठेवायचे. ‘बरोबर’, ‘चूक’ असे काही म्हणायचे नाही. हे ‘काही न म्हणणे’ फार अवघड आहे. पाचवीच्या बाईंची मान आपोआप डोलते आणि मूल त्या मानेकडे बघून वाचते. शेवटी त्या मुलाच्या शेजारी बसल्या, समोर नाही. लगेच फरक पडला.

चुकांची वही वेगळी केली आहे. सगळ्यात जास्त वेळा आलेली चूक : ‘मेक’ हा शब्द ‘माके’ असा वाचणे, ‘नेम’चा ‘नामे’ करणे. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. देवनागरीत जे लिहिले ते वाचायचे, ही शिस्त मूल चार वर्षे शिकले आहे. तीच शिस्त ते इथे प्रामाणिकपणे लावते. शेवटचा ‘ई’ स्वतः गप्प राहून आधीच्या स्वराचा उच्चार बदलतो, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. असे वाचणाऱ्या मुलाला अक्षरांचे आवाज येतात. न वाचणारे मूल आणि ‘माके’ वाचणारे मूल, दोघांना त्या शब्दाचा शून्य गुण मिळतो. वहीत मात्र दोघांची नोंद वेगळी.

दोन मुलांबद्दल सविस्तर.

क्रमांक ४१, मासेमाराचा मुलगा. कॅपिटल अक्षरे धडाधड, एकही चूक नाही. कार्ड उलटून स्मॉल अक्षरे आली आणि गाडी थांबली. ‘जी’वर बोट ठेवून म्हणाला, “बाई, आमच्या जीपीएसार असला अक्षर नसता.” बोटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक, इंजिनावरचे नाव, जीपीएसची अक्षरे, सगळे कॅपिटलमध्ये. तो इंग्रजी अक्षरे शाळेपेक्षा बोटीवर जास्त शिकला आहे, आणि तिथे स्मॉल अक्षरांची गरजच पडत नाही. पुस्तकातली बहुतेक सगळी इंग्रजी मात्र स्मॉल अक्षरांतच छापलेली असते.

क्रमांक १७, सड्यावरच्या छोट्या शाळेतून आलेली मुलगी. पहिल्या दिवशी एक अक्षरही बोलली नाही. मी शून्य लिहायला पेन टेकवले होते. मग विचारले, काय झाले? खाली बघून म्हणाली, “माका ठावक आसा, पण तोंडातसून येना नाय.” शून्य लिहिले नाही. शुक्रवारी तिला मैत्रिणीसोबत बोलावले, मैत्रीण शेजारी नुसती बसली. १७ ने वाक्यांपर्यंत वाचले, हळू पण बरोबर. वीसपैकी बारा गुण. बुधवारी टेकवलेले पेन तसेच फिरले असते, तर ही मुलगी वर्षभर अक्षरे गिरवत बसली असती.

एक चूक आमचीही : दाराबाहेर रांगेत उभ्या मुलांना आतले शब्द ऐकू जात होते. गुरुवारी दुपारी लक्षात आले, तेव्हापासून दुसरी कार्डे काढली.

३० जून, सोमवार

गुण संगणकावर चढवले. ऐकण्याचा भाग : स्लॅबच्या खोलीची सरासरी ६.८, पत्र्याच्या खोलीची ४.१.

मुले हजेरी क्रमांकाने वाटलेली, हुशारीने नाही. वाचनाच्या सरासरी दोन्ही खोल्यांच्या जवळजवळ सारख्या, ११.२ आणि ११.०. मग एवढा फरक कशाचा? पत्र्याच्या खोलीतल्या उत्तरपत्रिका प्रश्नवार पाहिल्या. पहिल्या चार प्रश्नांत मुले बरी आहेत. पाचव्यापासून उत्तरे विखुरली, तीन चित्रांवर जवळजवळ सारख्या खुणा. मुलांनी इंग्रजी नाही, पाऊस ऐकला.

मी म्हटले, पत्र्याच्या खोलीतल्या ३२ मुलांची राखीव संचावर पुन्हा चाचणी घेऊ. गणिताच्या सरांनी थांबवले. त्यांचे म्हणणे : त्यांना दुसरी संधी आणि वेगळे प्रश्न, स्लॅबवाल्यांना जुने; मग दोन्ही गुण एका रकान्यात कसे बसतील? बरोबर होते. पहिली ऐकण्याची चाचणी सगळ्यांचीच रद्द केली. तीन तासिका गेल्या तरी चालतील.

२ जुलै, बुधवार

ग्रंथालयात सोळा-सोळाच्या चार गटांनी राखीव संच घेतला. वाचणारी व्यक्ती एकच. पाऊस होता, पण वर स्लॅब. आधी स्लॅबच्या खोलीत बसलेल्यांची सरासरी ६.९, पत्र्याच्या खोलीतल्यांची ६.५. मागच्या मंगळवारी मी का थांबले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या वर्षीच्या सूचनापत्रात मात्र पहिली ओळ ‘पाऊस वाढला की थांबा’ अशी लिहिली आहे.

४ जुलै, शुक्रवार

लेखनाचे गुणदान. मूल स्वतःचे नाव लिहिते, सांगितलेले पाच शब्द लिहिते, बंदराच्या चित्रावर तीन वाक्ये लिहिते. त्यावरून तीन स्तर. उत्तरपत्रिकांवर नाव झाकून सांकेतिक क्रमांक घातले. कोणत्या प्राथमिक शाळेचे मूल हे कळले की हात सैल किंवा घट्ट होतो, स्वतःचा अनुभव आहे.

४० उत्तरपत्रिका मी आणि पाचवीच्या बाईंनी एकमेकींचे न बघता तपासल्या. २८ जुळल्या, १२ नाही. सत्तर टक्के म्हटले की बरे वाटते. सरांनी कोहेनचा कापा काढायला बसवले. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेले हे माप निव्वळ योगायोगाने जुळणारा भाग वजा करते. मी २०, १४ आणि ६ अशी वाटणी केली होती, बाईंनी १६, १६ आणि ८. या वाटण्यांवरून योगायोगानेच ३७ टक्के जुळणी झाली असती. ७० मधून ३७ गेले, उरले ३३. त्याला ६३ ने भागले. कापा ०.५२. म्हणजे योगायोगापलीकडे जेवढे जुळायला वाव होता, त्याचे निम्मेच आम्ही जुळवले.

बारा उत्तरपत्रिका शेजारी-शेजारी ठेवल्या. नऊमध्ये बाईंनी वरचा स्तर दिला होता. भांडण स्पेलिंगचे निघाले. ‘फादर’ मुलाने एफ-ए-डी-ए-आर असे लिहिले, मी चूक धरले. बाई म्हणाल्या, “अहो, त्याने ऐकले ते अक्षरात उतरवले. हे लिहिता येणे आहे.” मी बराच वेळ मानले नाही. शेवटी उत्तर चाचणीच्या उद्देशात सापडले. या मुलाला अक्षर-आवाज पुन्हा शिकवायचे का? नाही. मग त्याला त्या स्तरावर बसवणारे गुण कसे देऊ? नियम ठरला : आवाजाशी जुळणारे स्पेलिंग असेल तर अर्धा गुण आणि स्तर ठरवताना ‘येते’. ‘आय मँगो ईट’ असे मराठी क्रमाने लिहिलेले वाक्य असेल तर शब्दांचा गुण पूर्ण, रचनेचा नाही.

उरलेल्या २४ नव्या नियमाने तपासल्या. २१ जुळल्या. मग आधीच्या ४० पुन्हा, दोघींनी बसून.

८ जुलै, मंगळवार

आज माझी मूळ योजनाच मोडली. चांगले झाले.

योजना अशी होती : एकूण ५० पैकी २० च्या खाली पहिला गट, ३४ च्या वर तिसरा, मधले दुसऱ्यात. सरांनी विचारले, या गुणांत चूक किती? सम आणि विषम प्रश्नांचे गुण वेगळे करून त्यांचा सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात ते, काढला, ०.७२. तो अर्ध्या चाचणीचा. पूर्ण चाचणीसाठी स्पिअरमन आणि ब्राउन यांचे १९१० चे सूत्र : दुप्पट करून, एक अधिक ०.७२ ने भागायचे. चाचणीची विश्वासार्हता ०.८४. शाळेत बनवलेल्या चाचणीला हे वाईट नाही. पण गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरले आहेत ते, ८ आहे. १ मधून ०.८४ वजा, त्याचे वर्गमूळ ०.४, गुणिले ८ : ३.२ गुण. म्हणजे तेच मूल उद्या तशीच चाचणी देईल तर गुण तीनेकने सहज इकडे-तिकडे होतील.

मग मोजले : २० आणि ३४ या रेषांच्या तीन गुणांच्या आत किती मुले? २७. चौसष्टपैकी सत्तावीस मुलांचे वर्ष त्या दिवशीच्या पावसावर, झोपेवर, नशिबावर ठरणार होते.

त्याहून मोठी गोष्ट यादीत खाली दिसली. क्रमांक ४१ आणि क्रमांक १७, दोघांचे एकूण गुण १९. मुलगा : वाचन ४, ऐकणे ९, लेखन ६. मुलगी : वाचन १२, ऐकणे ३, लेखन ४. एकाला स्मॉल अक्षरे हवीत, दुसरीच्या कानावर इंग्रजी पडायला हवी. ती वाक्ये वाचते, पण बोललेले इंग्रजी तिने ऐकलेलेच नाही. ते तीन गुण म्हणजे आंधळ्या खुणाच. एकूण गुणांनी या दोघांना एका बाकावर बसवले असते आणि तिथे जे शिकवले असते ते निदान एकाला तरी निरुपयोगी ठरले असते.

एकूण गुणांचा रकाना काढून टाकला. गट वाचनाच्या पायरीवरून : अक्षर १७ मुले, शब्द २९, वाक्य १८. ऐकणे आणि लेखन या दोन्हीसाठी प्रत्येकाच्या कार्डावर स्वतंत्र खूण. आठवड्यातून दोनदा ऐकण्याचे गट वेगळे बसतील. तेव्हा ४१ वरच्या गटात जाईल आणि १७ खालच्या.

११ जुलै, शुक्रवार

गटांची नावे. कोणीतरी माशांची सुचवली. मुलांना सुरमई, बांगडा आणि तारलीचे भाव तोंडपाठ आहेत, कोण कुठल्या गटात हे पहिल्याच दिवशी किमतीत कळले असते. आंब्याचेही तेच, हापूस आणि रायवळ. जिथे बसतात त्या जागेचे नाव ठेवले : ग्रंथालय, प्रयोगशाळा, कोपऱ्याची खोली.

१९ जुलै, शनिवार

पालकसभा मुद्दाम जुलैत घेतली. ३१ तारखेपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे वडील मंडळी किनाऱ्यावर असतात, जाळी विणत. एरवी सभेला आयाच येतात. आज बाप्ये पुष्कळ होते.

गुण दाखवले नाहीत. प्रत्येकाला कार्ड दिले : तुमच्या मुलाला आज काय येते, पुढच्या महिन्यात आम्ही काय शिकवणार. एका बापाने कार्ड उलटेपालटे करून विचारले, “म्हणजे आमच्या झिलाक सेमीत घेतल्यात की नाय, तेवढा सांगा बाई.” हा प्रश्न येणार हे माहीत होते, तरी उत्तर द्यायला वेळ लागला. सेमी इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आमच्या चाचणीत गणित नाही, विज्ञान नाही. मूल अक्षरे ओळखते की वाक्ये वाचते, एवढेच तिला कळते. तिच्यावरून सेमीचा निर्णय घेतला तर ताजव्याने कापड मोजल्यासारखे होईल. हे सांगितले. सगळ्यांना पटले नाही. दोघे नाराज होऊन गेले. त्यांची काळजी खोटी नाही; त्यांना मुलगा बोटीवर यायला नको आहे, आणि सेमी हा त्यांना दिसणारा एकच दरवाजा आहे. त्यांच्या घरी जाऊन बोलायचे ठरवले आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

बोटी सुटल्या. पहिल्या दोन दिवसांत अक्षर गटातली चार मुले गैरहजर, बंदरावर. दोन घरी गेले. एका घरात चहा आणि बोलणे झाले, दुसऱ्यात नुसता चहा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बुधवारी, २७ ला गणपती. त्याआधी आठवडाभर प्रत्येक मुलाची पाच मिनिटांची फेरतपासणी केली, फक्त वाचनाची शिडी, नवी कार्डे.

अक्षर गटातली सहा मुले शब्द गटात गेली, शब्द गटातली चार वाक्य गटात. दोघांना खाली आणावे लागले. त्यातला एक त्या गुरुवारी सकाळी रांगेत दाराजवळ उभा होता. त्याने शब्द वाचले नव्हते, ऐकून लक्षात ठेवले होते. दोन महिने तो न येणारे शब्द वाचल्यासारखे करत होता. त्याला मी एकट्याला सांगितले की चूक आमची होती, कार्डे आम्ही बदलायला हवी होती. तो काही बोलला नाही. आज कोपऱ्याच्या खोलीत दुसऱ्या बाकावर बसला आणि ‘बी’, ‘डी’ वेगळे करून दाखवले.

४१ ची स्मॉल अक्षरे पूर्ण, ‘क्यू’ सोडून. तो शब्द गटात गेला. १७ ऐकण्याच्या तासाला अजून खालच्या गटातच आहे. नव्या प्रश्नांवर दहापैकी पाच. वर्गात मोठ्याने बोलत नाही, पण मैत्रिणीला इंग्रजी वाक्ये वाचून दाखवते, खिडकीजवळ बसून.

कार्डांना दमटपणाने बुरशी धरू लागली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली. सुट्टीनंतर लॅमिनेशन करून घ्यायचे, आणि राखीव ऐकण्याचा संच आता वापरला गेला, तो नवा करायचा.